रंग फिके दिसू लागले, तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या

या पानावर एरवी आपण बोंडअळी, करपा, ठिबक आणि खताच्या मात्रा यांविषयी बोलतो. आज डोळ्यांविषयी बोलायचे आहे. मी काही डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. पण शेतकऱ्याची निम्मी पारख रंगावर चालते, आणि उतारवयात काही जणांच्या डोळ्यांतून तो रंगच हळूहळू उतरत जातो, याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. नजर कमी झाली की घरचे लोक दवाखान्यात नेतात. रंग चुकला की हसण्यावारी नेतात. म्हणून हा लेख.

रंगावर आपले किती काम अडलेले असते ते आधी पाहा. कपाशीच्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होऊ लागला, की आपण मॅग्नेशियमची कमतरता समजतो आणि मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. तेच पान कडेने मुडपून आधी पिवळे आणि मग लाल झाले, तर दोष तुडतुड्यांचा असतो आणि उपाय निराळा. लांबून दोन्हींना आपण 'लाल्या'च म्हणतो, पण जवळ जाऊन रंग कुठून चढला ते पाहिल्याशिवाय निदान होत नाही. केळीवर करपा येतो तेव्हा पहिली खूण म्हणजे पानावर शिरांना समांतर अशा बारीक पिवळसर रेघा. त्या रेघा तपकिरी होण्याआधी ज्याला दिसल्या त्याची बाग वाचते. रावेर-यावल पट्ट्यात अलीकडच्या वर्षांत ज्याने पुष्कळांना रडवले, तो 'हरण्या' म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. त्याचीही ओळख पानावरच्या पिवळ्या पट्ट्यांवरूनच होते, आणि ते झाड दिसताच उपटून नष्ट करावे लागते, नाही तर मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा भाव रंग बघून ठरतो. कापसात कवडी किती, पिवळा किती, हे व्यापारी मुठीत धरून सांगतो. असोद्याकडचे भरताचे वांगे हिरवे असले तरच ते भरताचे वांगे!

आता यात एक जोडी मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग आहे. पिवळे चिकट सापळे आपण पांढरी माशी, मावा, तुडतुडे यांच्यासाठी लावतो, आणि निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी. पिवळा आणि निळा. ज्या विकाराविषयी मी लिहितो आहे, तो बहुधा याच दोन रंगांवर आधी घाला घालतो.

पडद्यावरचा पिवळा ठिपका

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून एक पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूचे चित्र त्यावर उमटते. या पडद्याच्या मधोमध सुमारे पाच मिलिमीटर रुंदीची एक जागा आहे, तिला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. जागा ज्वारीच्या दाण्याएवढी, पण अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे आणि रंग बारकाईने पारखणे ही सगळी कामे तिच्याकडे. बाकीचा पडदा आजूबाजूचे दाखवतो, अंधारात वाट दाखवतो, पण बारकावा त्याला जमत नाही.

रंग ओळखणाऱ्या पेशींना शंकुपेशी म्हणतात. त्या तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने एक तांबड्यासाठी, एक हिरव्यासाठी, एक निळ्यासाठी असे म्हणायला हरकत नाही. यात निळ्याच्या पेशी सर्वांत थोड्या, शंभरात पाच-दहाच, आणि त्या नाजूकही असतात. शेतात आधीच विरळ उगवलेल्या पिकाला रोग लागला तर तूट लगेच दिसते, तसेच इथे होते. पडद्याचा आजार असला की निळा-पिवळा भेद आधी बिघडतो आणि डोळ्याच्या मागच्या नसेचा आजार असला की बहुधा तांबडा-हिरवा बिघडतो, असा नियम कोलनर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९१२ मध्ये मांडला होता. त्याला अपवाद पुष्कळ आहेत, तरी डॉक्टर मंडळी आजही तो आठवतात.

आता वयोमानाने काय होते? पडद्याच्या पेशींखाली एक थर असतो. तो पेशींना अन्न पुरवतो आणि त्यांचा कचरा वाहून नेतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पिकाखालची जमीन. वय वाढले की काहींच्या बाबतीत या जमिनीचा निचरा बिघडतो आणि कचऱ्याचे पिवळट थेंब तिथे साठत जातात. डॉक्टर त्यांना ड्रुसेन म्हणतात. चोपण जमिनीत पीक कसे आधी पिवळे पडते आणि मग जागोजाग जळते, तसा पडद्याचा मधला भाग हळूहळू निकामी होतो. याला पीतबिंदूचा कोरडा ऱ्हास म्हणतात. तो वर्षानुवर्षे चालतो. दुसरा प्रकार ओला. त्यात या थराखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात, त्यांतून पाणी आणि रक्त पाझरते. पाट फुटून वाफ्यात पाणी साचावे तसे. कोरड्या प्रकारात वर्षे मिळतात. ओल्या प्रकारात मधली नजर काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही जाऊ शकते. बहुतेक रुग्ण कोरड्या प्रकारचे असतात, पण कोरड्याचे ओल्यात रूपांतर कधी होईल याचा नेम नसतो.

हा विकार फक्त गोऱ्या लोकांचा, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ या काळात सूरज आय इन्स्टिट्यूट या संस्थेने तिशीच्या पुढच्या सुमारे ४,७०० ग्रामस्थांचे डोळे तपासले. त्यात पुढच्या टप्प्याला गेलेले रुग्ण फार थोडे निघाले, पण सुरुवातीच्या खुणा असलेले लोक शेकड्यात काही होते, आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढत होते. म्हणजे आपल्या मराठी मुलखातल्या शेतकऱ्यांतही हा विकार आहेच. आपल्याकडे आता ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत माणसे हिंडतीफिरती असतात, बांधावर जातात, फवारणीवर देखरेख ठेवतात. पूर्वी या वयाचा माणूस ओट्यावर बसलेला असे, त्याचे रंगावाचून अडत नसे.

घरच्यांच्या लक्षात का येत नाही, याला कारण आहे. अशा माणसाची बाजूची नजर शाबूत असते. तो शेतात एकटा जातो, बैल सोडतो, विहिरीचा काठ टाळतो, वाटेतला दगड चुकवतो. पण समोर उभ्या असलेल्या नातवाला विचारतो, 'कोण रे तू?' सुना म्हणतात, 'मामंजींना पाहिजे ते बरोबर दिसतं!' बंधूंनो, हे सोंग नव्हे. मधले जाऊन बाजूचे राहणे हेच या रोगाचे लक्षण आहे. शिवाय एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे खुद्द त्या माणसालाही पत्ता लागत नाही.

दोन वर्षांमागे एका गावी कपाशीत सापळे लावण्याचे प्रात्यक्षिक होते. सत्तरीकडे झुकलेले एक बाबा निळा सापळा हातात घेऊन म्हणाले, हा हिरवा कशाला आणला? पोरे हसली. बाबा चिडले, 'मन्हा डोया चांगला शेतस!' म्हणाले. मी त्यांना म्हटले, बाबा, एकेक डोळा हाताने झाकून बघा. उजव्याने पाहिले, तर सापळा निळा. डाव्याने पाहिले, तर तोच सापळा मळकट, हिरवट, धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. मग त्यांनी बांधावरूनच कपाशीच्या तासाकडे एका डोळ्याने पाहिले आणि गप्प झाले. तास मध्येच वाकडा दिसत होता, आणि तास त्यांनी स्वतः सरळ धरलेला होता. मुलाने आठ दिवसांत त्यांना पडद्याच्या डॉक्टरकडे नेले. त्या डोळ्यात पडद्याखाली पाणी साचलेले निघाले. इंजेक्शने झाली, वाकडेपणा पुष्कळ कमी झाला, वाचता येते. निळा मात्र त्या डोळ्याला अजून पूर्वीसारखा दिसत नाही. सहा महिने उशीर झाला असता तर तेवढेही राहिले नसते, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मुलगा म्हणाला.

मोतीबिंदूशी गल्लत नको

आपल्याकडे म्हाताऱ्याला कमी दिसले की 'मोतीबिंदू पिकला असेल' म्हणून मोकळे होतात. त्यात चूकही नाही, कारण २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. मोतीबिंदूतही रंग बिघडतात. डोळ्यातले भिंग पिवळे-तपकिरी होते, त्यातून निळा प्रकाश आत कमी पोचतो, आणि सगळे जग चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. क्लोद मोने हा फ्रान्समधला मोठा चित्रकार. त्याला मोतीबिंदू झाला, तेव्हा तो रंगाच्या नळ्यांवरची नावे वाचून आणि पाटीवर रंग नेहमी ठरलेल्या जागी ठेवून चित्रे काढत असे. १९२३ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्याने दगा दिला तर जागा आणि नाव यांवर भिस्त ठेवायची, ही त्याची युक्ती आपल्याला औषधाच्या खोलीत कामाला येईल, ते पुढे सांगतो.

फरक असा, की मोतीबिंदू काढून भिंग बसवले की रंग परत येतो. आपले लोक शस्त्रक्रियेनंतर 'सगळं निळंपांढरं चमकतंय' म्हणतात ते त्यामुळेच. पडद्यावरचा पीतबिंदू खराब झाला असेल, तर भिंग कितीही चांगले बसवा, रंग फिकाच राहणार. तेव्हा शिबिरात मोतीबिंदू निघाला आणि तरीही मधोमध धूसर दिसते, रंग उठत नाहीत, अशी तक्रार राहिली, तर 'ऑपरेशन बिघडले' म्हणून गावभर बोभाटा करण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा. पुष्कळदा ऑपरेशन चांगले झालेले असते आणि दुखणे मागे असते.

जन्मजात रंगांधळेपणा ही आणखी तिसरीच गोष्ट. तो बहुतेक पुरुषांत असतो, तांबड्या-हिरव्याचा असतो, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि जन्मभर तसाच राहतो. भुसावळला रेल्वेत भरती झालेल्यांना ठिपक्यांच्या आकड्यांची ती पुस्तिका आठवत असेल. जपानच्या इशिहारा यांनी १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पण ती तांबड्या-हिरव्यासाठी बनवलेली आहे. त्यामुळे कोणी 'मी रेल्वेची रंगपरीक्षा पास झालेलो आहे' म्हणत असेल, किंवा आजही पुस्तिकेतले सगळे आकडे वाचून दाखवत असेल, तरी त्याचा निळा-पिवळा शाबूत आहे असे त्यातून ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे रंगीत टिकल्या क्रमाने लावण्याची वेगळी चाचणी असते.

मधुमेहाने पडद्याला सूज आली तरी निळा-पिवळा बिघडतो. क्षयरोगाच्या औषधांपैकी इथॅम्बुटॉल हे काहींच्या डोळ्याच्या नसेला बाधते, तेव्हा तांबडा-हिरवा आधी बिघडू शकतो. असे वाटले तर ताबडतोब आरोग्य केंद्रात सांगावे. क्षयाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, तो दुसराच अनर्थ होईल.

औषधाच्या बाटलीचा त्रिकोण

आता आपल्या खात्याच्या कामाकडे येतो. माझ्या मते या विषयात शेतकऱ्याच्या जिवाशी गाठ पडते ती इथे.

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर, पुड्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग म्हणजे रंगीत त्रिकोण. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून ही योजना केली, आणि ती चांगली आहे. पण ती योजना पाहणाऱ्याचा डोळा रंग ओळखतो असे धरून चालते.

पीतबिंदू बिघडलेल्या माणसाला निळा आणि हिरवा यांत गोंधळ होतो, आणि पिवळा पांढुरका, फिकट दिसतो. लाल बहुधा बराच काळ टिकतो. आता हिशेब करा. मध्यम विषारी औषध त्याला कमी विषारी वाटणार, आणि जास्त विषारी औषधाचा पिवळा त्रिकोण पांढऱ्या कागदावर त्याला धड उठूनच दिसणार नाही. उन्हात बाटली धरली तर कदाचित ओळखेल. पण आपण बाटली कुठे काढतो? खळ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पहाटे, नाही तर दिवे लागणीला. या रोगात उजेड जास्त लागतो आणि उजेडातून अंधारात आल्यावर डोळा जमायला वेळ घेतो. अर्धवट उजेडात रंगाचा भरवसा धरणे धोक्याचे आहे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या प्रकरणाची कारणे वेगळी होती, त्याचा रंगाशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण विषाची चूक किती महागात पडते ते आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा ज्या घरात साठीपुढचा माणूस फवारणीचे औषध काढतो, मोजतो किंवा गड्याला देतो, त्या घराने रंगावर विसंबू नये.

मोनेसारखे करा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या बाटल्यांसाठी कुलूपबंद कपाटात वरचा खण ठरवा, निळ्या-हिरव्यांसाठी खालचा, आणि जागा बदलू नका. मॅन्कोझेबसारखे हिरव्या त्रिकोणाचे बुरशीनाशक आणि जास्त विषारी कीटकनाशक एका फळीवर कधीच ठेवू नका. बाटली घरी आली की जाड काळ्या मार्करने पांढऱ्या पट्टीवर मराठीत दोन बोटे उंचीचे अक्षर लिहून चिकटवा: पीक, कीड, पंपाला किती. लाल-पिवळ्या बाटलीच्या गळ्याला सुतळीची गाठ मारा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल. काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे या डोळ्यांना सर्वांत चांगले दिसते. औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवण्याची खोड तर सर्वांनीच सोडावी. आणि द्रावण करताना घरातला डोळस माणूस शेजारी असावा, बाबांना कितीही राग आला तरी. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारांनाही विनंती आहे. म्हातारे गिऱ्हाईक आले तर त्रिकोणाचा रंग तोंडाने सांगत जा. बिल देताना दोन शब्द जास्त गेले तर काही बिघडत नाही.

पिकाच्या बाबतीतही तेच. हरण्या किंवा करपा शोधण्याची जबाबदारी एकट्या वडीलधाऱ्यावर ठेवू नका. त्यांचा अनुभव घ्या, डोळे तरुणाचे घ्या. बाबा सांगतील पान कोणते पाहायचे, झाडाच्या कुठल्या बाजूला पाहायचे. नातू सांगेल पिवळे आहे की नाही.

घरच्या घरी तपासणी

याला एक पैसा लागत नाही. मुलांची गणिताची चौकड्यांची वही घ्या. पानाच्या मधोमध पेनाने एक ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. वही चांगल्या उजेडात सव्वा फुटावर धरा, एक डोळा तळहाताने झाका, आणि दुसऱ्या डोळ्याने फक्त ठिपक्याकडे पाहा. नजर इकडेतिकडे हलवायची नाही. आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे लाटेसारख्या वाकलेल्या, तुटलेल्या, पुसलेल्या दिसतात का? मध्ये काळा किंवा धूसर डाग दिसतो का? मग दुसरा डोळा. स्वित्झर्लंडच्या आम्सलर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने ही चौकड्यांची चाचणी रूढ केली आणि आजही दवाखान्यात तीच वापरतात.

शेतात असाल तर ठिबकच्या नळीकडे, केळीच्या ओळीकडे, विजेच्या खांबाकडे एकेका डोळ्याने पाहा. खांब मध्येच वाकडा वाटला तर वीज मंडळाला बोलावण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

रंगासाठी निळा आणि पिवळा सापळा, किंवा घरातली कुठलीही गर्द निळी व पिवळी वस्तू उन्हाच्या उजेडात धरून आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी पाहा. दोन्हींत रंग सारखाच ताजा दिसतो की एकात विटका? दोन डोळ्यांत फरक आढळला तर तपासणी करा. फरक नाही म्हणजे सर्व ठीक असेही समजू नका, दोन्ही डोळे सारखेच मंदावलेले असू शकतात. पन्नाशीनंतर वर्षातून एकदा पडदा तपासून घेणे बरे. आणि रेघा नव्याने वाकड्या दिसू लागल्या असतील, तर पुढच्या शिबिराची, पोळ्याची, कापूस वेचणीची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात जा.

उपचाराचे खरे तेवढेच सांगतो. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देतात. साधारण २००५-०६ पासून ही औषधे वापरात आली आणि त्यांनी चित्र पालटले. डोळ्यात सुई म्हटले की माणूस दचकतो, पण डोळा बधिर करून देतात आणि काम काही मिनिटांत होते. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक अशी तीन, पुढे गरजेप्रमाणे. मध्येच सोडले तर पाझर पुन्हा सुरू होतो. ठिबक एक दिवस चालवून महिनाभर बंद ठेवल्यासारखेच ते. औषधांच्या किमतीत फार फरक आहे. त्यामुळे स्वस्त पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना न लाजता विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्या.

कोरड्या प्रकारावर गेलेली नजर आणि गेलेला रंग परत आणणारे औषध नाही. मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना जीवनसत्त्वे, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या देतात. अमेरिकेत २००१ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात या गोळ्यांनी पाच वर्षांत रोग पुढे सरकण्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. पण त्या जुन्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसल्याने, २०१३ च्या पुढच्या अभ्यासानंतर त्याजागी ल्युटीन आणि झियाझँथिन घातले जाते. ज्याला विकार नाही त्याला या गोळ्यांचा उपयोग नाही. आठवडे बाजारात 'नजर व रंग परत आणणारे' थेंब विकणारा दिसला तर त्याच्यापासून खिसा आणि डोळा दोन्ही सांभाळा.

ही ल्युटीन-झियाझँथिन नावे ऐकून घाबरू नका. पीतबिंदूचा पिवळा रंग याच द्रव्यांमुळे असतो, आणि ती आपल्या शेतात उगवतात. मेथी, पालक, पोकळा, शेवग्याचा पाला यांत ल्युटीन असते. पिवळ्या मक्यात आणि अंड्याच्या बलकात झियाझँथिनही असते. खानदेशात मका पिकतो किती, आणि तो सगळा आपण कोंबड्यांच्या खाद्याला पाठवतो! भाजीने रोग बरा होईल असे मी म्हणत नाही. पण खाणे आपल्या हातात आहे. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही, बिडी मात्र आहे. या विकाराचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला सोडता येण्याजोग्या गोष्टींत धूम्रपानाचा नंबर पहिला लागतो. रक्तदाबही ताब्यात ठेवावा.

गावकारभाऱ्यांसाठी थोडे. सरपंच, आशाताई, आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो ते ग्रामपंचायत अधिकारी आणि आमच्या खात्याची माणसे, यांनी खरीप हंगामापूर्वीच्या सभेत साठीपुढच्या लोकांना चौकड्यांचा कागद दाखवण्याचे अर्ध्या तासाचे काम करावे. पन्नास कागदांची झेरॉक्स काढायला खर्च नगण्य. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून आहे, शिबिरे होतात, पण शिबिरात बहुधा मोतीबिंदूच पाहिला जातो. आयोजकांनी 'पडदाही पाहणार का?' एवढे आधी विचारून घ्यावे. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र विभागाकडून चिठ्ठी घेऊन पुढे धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. तिथे नेत्रविभागात गेल्यावर 'कमी दिसते' एवढेच सांगू नका. कोणत्या डोळ्याने, केव्हापासून, रेघा वाकड्या दिसतात का, कोणता रंग फिका वाटतो, हे स्पष्ट सांगा आणि पडद्याची तपासणी हवी असे म्हणा.

जाताना जुना चष्मा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मधुमेह-रक्तदाबाचे कागद बरोबर न्या. ती चौकड्यांची वहीही न्या. ठिपका काढलेल्या पानावर रेघा जिथे वाकड्या दिसतात तिथे पेनाने खूण करून ठेवा. मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचे नीट दिसत नाही आणि उन्हाची तिरीप सहन होत नाही, म्हणून सोबत घरचे कोणी तरी असू द्या.